कुस्ती झाल्यावर गाव द्या

कुठं नोकरीला होता, असं कुणी विचारलं आणि मी "मुलींच्या बालगृहात" म्हणून सांगितलं, की समोरच्याचा चेहरा पडतो. "अरेरे" म्हणत लोक माझ्याकडंच अशा नजरेनं बघतात, की आता मलाच कुणीतरी ग्लासभर पाणी आणून देतील असं वाटतं. मग मला सांगावं लागतं, की बाबांनो, मी नोकरीत जेवढी हसले तेवढी माहेरीसुद्धा हसले नाही. माझं काम मुलींना खेळवायचं होतं, आणि त्या कामाचा पगार मिळतो हे कळल्यावर पहिल्या महिन्यात मला जरा चोरट्यासारखंच झालं होतं.

खरं तर खेळवण्याचं पदच तिथं नव्हतं. माझी नेमणूक 'हस्तकला शिक्षिका, अर्धवेळ' अशी. पहिल्या आठवड्यात मी इमानदारीत क्रेप कागदाची फुलं शिकवली. मुली फुलं करायच्या आणि एकमेकींच्या नाकात कोंबायच्या. दुसऱ्या आठवड्यात मागच्या अंगणात दोन बांबू रोवून मी खो-खो सुरू केला. अधीक्षिका मॅडम खिडकीतून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आज पहिल्यांदा जेवणाची घंटा झाली तरी कुणी आलं नाही. चालू दे." चालू राहिलं ते मी निवृत्त होईपर्यंत. कागदोपत्री मात्र मी शेवटपर्यंत फुलंच करत होते.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे काय ते नीट सांगते. आमच्याकडे येणाऱ्या काही मुलींना आईवडील नसतात. काहींना असतात, पण सांभाळण्याच्या परिस्थितीत नसतात. आणि काहींना घरातल्या माणसांपासूनच लांब ठेवावं लागतं, म्हणून बालकल्याण समिती त्यांना आमच्याकडे पाठवते. नवी मुलगी आली की ती खेळत नाही. भिंतीला पाठ लावून बघत बसते. तिला ओढून मैदानात आणायचं नाही, हे मी अनुभवानं शिकले. काही दिवसांनी ती पुढं सरकते, मग खेळते, पण फार शहाण्यासारखी खेळते. आऊट म्हटलं की मुकाट्यानं बाहेर. मला त्या शहाणपणाची धास्ती वाटायची. आणि मग एक दिवस ती मुलगी रडीचा डाव खेळते. "मी आऊट न्हाई, तीच खोटं बोलतीय," म्हणून पाय आपटते. त्या दिवशी मी घरी जाताना पाव किलो जिलेबी घेऊन जायची. भांडलं तरी इथून कुणी हाकलणार नाही, एवढा भरवसा बसल्याशिवाय मूल रडीचा डाव खेळत नाही.

आमची दुसरी गिऱ्हाईकं म्हणजे वाढदिवसवाले. लेकाचा, नातवाचा वाढदिवस आमच्याकडे साजरा करायला येणारी भली माणसं. केक यायचा, मुली ओळीनं उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या, ज्याचा वाढदिवस तो पोरगा बावरून आईच्या पदराआड जायचा, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "मुलींना काहीतरी करून दाखवायला सांगा की." हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. शेवटी मी नियम केला. करून दाखवणं बंद. आलेल्या पाहुण्यांनी आधी मुलींबरोबर एक डाव खेळायचा, मगच केक. निम्मे लोक मनगटावरचं घड्याळ बघायला लागायचे. उरलेले मात्र घामाघूम होऊन, केस विस्कटून, हसत बाहेर पडायचे आणि पुन्हा यायचे.

शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी आप्पा हे त्यातले. पांढराशुभ्र लेंगा-सदरा घालून नातवाच्या वाढदिवसाला आले. मी म्हटलं, "आप्पा, खो-खोत बसा." म्हणाले, "बाई, गुडघं गेल्यात." मी म्हटलं, "बसायचंच आहे, पळायला आम्ही हाय की." बसले. पाठीवर खो बसल्याबरोबर गुडघे विसरून असे काही पळाले, की बांबूला जाऊन धडकले. त्या दिवसापासून दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा वाढदिवस काढून आप्पा हजर. आमची गोष्ट पुढं गेली ती या आप्पांमुळंच.

आता बिजलीबद्दल. हे तिचं खरं नाव नव्हे; इथं कुणीही तिला हाक मारली तरी मी बिजलीच लिहिणार. बालगृहातल्या मुलीचं नाव, फोटो छापायला कायद्यानं मनाई आहे, आणि ती मनाई योग्यच आहे. या लेखासाठी मी तिलाच फोन करून विचारलं, तुझं काय नाव घालू? म्हणाली, "बिजली घाला." मी म्हटलं, अगं म्हशीचं नाव वाटतंय. "मग तर नक्की घाला," म्हणाली.

बिजली आली ती सगळ्यांना मारतच. आईवडील गेलेले. चुलत्यानं शाळकरी वयातच तिचं लग्न ठरवलं होतं. शेजारणीनं हिंमत करून कळवलं, म्हणून पोरगी वाचली. चुलता पुढं बरेच दिवस तिला शोधत फिरत होता, त्यामुळं तिचं गाव, आडनाव, काही म्हणजे काही बाहेर बोलायचं नाही अशी समितीची सक्त ताकीद होती. पोरगी भिंतीला पाठ लावून बसलीच नाही. पहिल्या दिवशी तिनं एकीचा दात हलवला, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या झिंज्या उपटल्या. कुठलाही खेळ लावा, शेवट मारामारीनं.

आता मी वस्तादाची लेक. वडील कुस्ती शिकवायचे, पण मला तालमीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू द्यायचे नाहीत. जेवताना मात्र भावांना ताटातल्या भाकरीवर बोटं नाचवून डाव समजावायचे. भावांचं लक्ष मटणात, माझं बोटांकडं. ती सगळी विद्या माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं नुसती पडून होती. मी कोठीतल्या जुन्या गाद्या काढल्या, मागच्या खोलीत अंथरल्या आणि जाहीर केलं, की इथून पुढं भांडायचं तर गादीवर. आधी हात मिळवायचा, केस धरायचे नाहीत, चावायचं नाही, पाठ टेकली की भांडण संपलं. बिजलीनं विचारलं, "आणि जिंकलं तर वरडणार न्हाईसा?" मी म्हटलं, जिंकलीस तर पुढचा डाव शिकवीन.

त्या खोलीत काय धमाल उडाली म्हणून सांगू! दोन महिन्यांत बाहेरची मारामारी बंद आणि गादीसमोर रांग. साडीचा पदर खोचून मी एकेरी पट दाखवायची, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायचा डाव. स्वयंपाकाच्या मावशी लाटणं हातात घेऊन बघायला यायच्या. बिजलीला एकदा दाखवलेला डाव दुसऱ्यांदा दाखवावा लागला नाही. पाच-सहा वर्षांत ती अशी तयार झाली, की तिच्याशी कुस्ती धरायला कोण उरलंच नाही. दोघी-दोघींना ती एकदम अंगावर घ्यायची.

आणि इथंच माझी काळजी सुरू झाली. अठरा पूर्ण झाली की मुलगी बालगृहातून बाहेर पडते. तिच्या राहण्याची, शिवणाच्या किंवा नर्सिंगच्या वर्गाची काहीतरी सोय लागते. खेळाचं मात्र कुणी विचारत नाही. वाऱ्यासारखी पळणारी माझी एक खो-खोपटू महाद्वार रोडला कपड्याच्या दुकानात साड्या उलगडत असते. दिसली की म्हणते, "बाई, आता पळतोय कुठं?" बिजलीला अठरा पुरी व्हायला काही महिनेच राहिले होते. मुलींची एक निवासी तालीम आहे, तिथं राहणं, खाणं, शिकणं सगळं होतं. पण तिथले वस्ताद सरळ म्हणाले होते, "गादीवरचं सांगू नका बाई. मातीत, लोकांसमोर लढताना मला बघू दे. मग ठरवतो."

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "एवढंच व्हय? आमच्या गावच्या यात्रंत औंदा पोरींच्या कुस्त्या हायत. हिची एक लावू की. वस्तादास्नी मी आणतो उचलून." आप्पांचं गाव कोडोलीकडचं. समितीनं परवानगी दिली, पण अटी घातल्या. फोटो नाही, संस्थेचं नाव नाही, मुलीचं आडनाव-गाव नाही. मी सगळ्याला मान डोलावली. कुस्तीच्या मैदानात या अटी कशा पाळायच्या, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

यात्रेच्या दिवशी आप्पांनी गुळाचा टेम्पो पाठवला. जमतील तेवढ्या मुली आणि बहिणींपासून तोडायचे नाहीत म्हणून आमच्याकडेच राहणारे त्यांचे चिमुकले भाऊ असे सगळे आम्ही त्यात कोंबलो. फळ्यांच्या फटीत गूळ चिकटलेला. गाव येईपर्यंत पोरांनी तो टेम्पो चाटून साफ केला. बिजली मात्र गप्प. मी विचारलं, "घाबरलीस?" म्हणाली, "न्हाई. भूक लागलीया, पण खात न्हाई." आमच्याकडच्या पोरी बोलताना 'मी येतो, मी जातो' म्हणतात, तशी पुढं म्हणाली, "पाडल्यावर खातो."

मैदान गच्च भरलेलं. मधे तांबडी माती, भोवती माणसंच माणसं, झाडांवर पोरं, आणि हलगी अशी कडाडत होती, की छातीत घुमत होतं. बायकांसाठी एक बाजू राखलेली होती, तिथं आमची फौज बसली. बिजलीची जोड गावच्याच मुस्कानशी. मुस्कानचे वडील दस्तगीरभाई ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या बनवायचे. लेकीसाठी त्यांनी घरामागं मातीचा आखाडा काढून दिला होता. माणूस उंचापुरा, आवाज वेल्डिंगच्या ठिणग्यांवरून ओरडून ओरडून कमावलेला.

कुस्ती लागण्याआधी निवेदक माईकवरून पैलवानाची ओळख करून देतो. कुणाची लेक, कुठल्या गावची, कुठल्या वस्तादाची. आमच्या भागात ही ओळख झाल्याशिवाय पैलवान मातीत उतरत नाही. तो त्याचा मान असतो. निवेदक माझ्याजवळ आला.

"पोरीचं गाव?"

"सांगता येत नाही."

"बरं, वडलांचं नाव?"

"तेही सांगता येत नाही."

"वस्ताद तरी कोण?"

"मी. पण माझं नाव घेऊ नका."

त्यानं माझ्या साडीकडं बघितलं, बिजलीकडं बघितलं, आणि कपाळावरचा घाम पुसला. "बाई, मग मी माईकवर बोलू काय?"

दस्तगीरभाई शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आप्पांनी त्यांच्या कानात दोन शब्द सांगितले असावेत, कारण त्यांनी पुढं एकही प्रश्न विचारला नाही. निवेदकाला म्हणाले, "पोरीला गाव न्हाई म्हणून आडलंय व्हय? मग आमचं लाव की. त्यात काय?" आणि निवेदक असा खूश झाला, की कुणाला काही न विचारता माईकवर गरजला, "मंडळी, मुस्कान आपल्या गावची, आणि आजपासनं बिजलीबी आपल्याच गावची! दोन्ही लेकी आपल्याच!" काय टाळ्या पडल्या! हलगीवाल्यानं वेगळाच ठेका धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. बिजलीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

आणि यात्रा कमिटीतले सगळ्यात जुने तात्या काठी टेकत उठले. "कुस्ती हुनार न्हाई," म्हणाले.

मला कळेना काय झालं. तेव्हा आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या गावात फार पूर्वी गावातल्याच दोन पोरांची कुस्ती लागली होती, त्यावरून भावकीत अशी जुंपली, की बरीच वर्षं निम्मं गाव निम्म्या गावाशी बोलत नव्हतं. तेव्हापासून तिथं दंडक आहे. गावच्या पैलवानाची कुस्ती गावच्या पैलवानाशी लावायची नाही.

"अवो, पण ती तुमच्या गावची न्हाई," मी म्हटलं.

"आत्ता माईकवर झाली की," तात्या म्हणाले.

"मग तसं नाही म्हणून सांगा ना माईकवर."

हे बोलल्याबरोबर सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही मी ताटावर बसलेल्या माणसाला उठवायला सांगितलं. दस्तगीरभाई म्हणाले, "बाई, दिल्यालं गाव परत कसं घ्यायचं? पोरीला काय वाटंल?" निवेदक म्हणाला, त्याच्या तोंडून ते निघणार नाही. तात्या म्हणाले, "परत घ्या असं म्या म्हनलंच न्हाई. पोरगी आमचीच. पण मग कुस्ती न्हाई." एकापेक्षा एक भला माणूस, आणि सगळ्यांनी मिळून माझ्या पोरीची वाट लावून ठेवली. पलीकडं निवासी तालमीचे वस्ताद पायात चपला सरकवत होते. त्यांना दुसऱ्या गावच्या मैदानात जायचं होतं. मला या सगळ्यांना एकेक गुद्दा हाणावा असं वाटत होतं.

तेवढ्यात बिजली पुढं आली. अंगाला माती लागलेली, केस घट्ट बांधलेले. तात्यांच्या समोर उभी राहिली, वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "आजोबा, गाव आत्ता राहू द्या. कुस्ती झाल्यावर द्या."

तात्या म्हणाले, "म्हंजे?"

"म्हंजे आत्ता मी कुठलीच न्हाई. कुस्ती झाली की तुमच्या गावची. मग तर काय आडचण न्हाई न्हवं?"

तात्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग खाली बसत म्हणाले, "पोरगी कोर्टात पाठवा, मैदानात कशापायी आणलीया?" आणि कुस्ती लावा म्हणून हात वर केला.

निवेदकानं तिलाच विचारलं, "मग आता काय म्हणू गं?"

"नुसतं बिजली म्हणा."

आणि त्या माणसानं, ज्याला गाव, बाप, वस्ताद यांशिवाय तोंड उघडायची सवय नव्हती, त्यानं फक्त तेवढंच नाव घेतलं. इतक्या जोरात, की माईक किंचाळला. वस्तादांनी चपला पुन्हा काढल्या.

कुस्ती लागली. मुस्कान मातीत वाढलेली, बिजली गादीवर. पहिल्याच झटक्याला मुस्काननं मानेवर हात टाकून तिला खाली दाबलं आणि पाठीवर स्वार झाली. आता पालथ्या पडलेल्या बिजलीला उलटी करून पाठ टेकवायची, की खेळ खलास. मुस्कान हर बाजूनं जोर लावत होती. बिजली मातीत नाक खुपसून घट्ट. आमच्या पोरांचे आवाज बसले. मी ओरडत होते, पण काय ओरडत होते ते मलाच माहीत नाही. आप्पा म्हणतात, मी "भाकरी बघ, भाकरी बघ" असं ओरडत होते. शक्य आहे.

मग मुस्काननं पकड बदलायला एक हात सैल केला, तेवढ्यात बिजली गुडघ्यावर आली, वळली, आणि तिनं मुस्कानचा पाय उचलून काखेत धरला. एकेरी पट! मुस्कान एका पायावर नाचायला लागली. गावच्या बायका मुस्कानच्या नावानं ओरडतायत, आमच्या पोरी बिजलीच्या, आणि दस्तगीरभाई दोघींच्या. "पोरी सोडू नको, मुस्कान तोल सांभाळ, बिजली रेट, रेट की!" असा माणूस मी जन्मात बघितला नाही. बिजलीनं खांदा घातला, रेटा दिला आणि दोघी धाडकन मातीत गेल्या. मुस्कानचे दोन्ही खांदे खाली टेकले. पंचानं बिजलीचा हात वर केला.

मुस्काननं उठल्याबरोबर तिला मिठी मारली. दस्तगीरभाई लेकीच्या पाठीवरची माती झाडत म्हणाले, "पडली बी आमचीच, पाडली बी आमचीच. आता झाली न्हवं कुस्ती?" तात्यांनी मान हलवली, आणि निवेदकानं लगेच माईक तोंडाला लावला.

आता जिंकलेल्या पैलवानाला त्याच्या गावची माणसं खांद्यावर उचलून मैदानभर फिरवतात, हा रिवाज. गावच्या चार-पाच दणकट बायका पदर खोचून बिजलीकडं निघाल्यासुद्धा. पण त्या पोचायच्या आधी आमच्या बाजूनं सगळी पलटण सुटली. मोठ्या मुली, धाकट्या मुली, गुळानं तोंड माखलेले त्यांचे भाऊ. कुणी तिचा पाय धरला, कुणी कंबर, एक चिमुरडा नुसताच तिच्या कोपराला लोंबकळला. सगळ्यांनी मिळून एकदा जोर लावला, बिजली वितभर वर गेली आणि अख्खा ढीग मातीत कोसळला. उठले, पुन्हा धरलं, पुन्हा कोसळले. गावच्या बायका हसत भोवती उभ्या राहिल्या. "सरा गं लेकरांनो, आम्ही उचलतो," म्हणाल्या. एकानंही हात काढला नाही.

निवासी तालमीचे वस्ताद माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "बाई, त्या पोरीला जरा बाहेर काढा त्यातनं. कधी येतीया ते विचारायचंय मला."

मी ढिगाकडं बघितलं. तिचं नुसतं हसणारं तोंड वर दिसत होतं, आणि पोरांनी तिसऱ्यांदा जोर लावला होता.

"थांबा वस्ताद," मी म्हटलं, "तिच्या घरचे तिला उचलतायत."